दीडशे-दोनशे सीसीवरून मधल्या आकाराच्या मोटरसायकलवर जाताना: गाडी कशी निवडावी

दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर हात बसला, की थोड्याच दिवसांत ती कमी पडायला लागते. ट्रकला ओव्हरटेक करताना तिला दम लागतो, मागे कुणी बसलं की प्रत्येक चढाला गिअर पाडावा लागतो आणि ऐंशीच्या पुढे गेलं की तळहातांना मुंग्या येतात. मग मोठ्या गाडीचा शोध सुरू होतो आणि माणूस सगळ्यात आधी पॉवरचा आकडा बघतो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते, कारण ३०० ते ७०० सीसीच्या पट्ट्यात इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या गाड्या आहेत की नुसत्या सीसीवरून किंवा हॉर्सपॉवरवरून काहीच कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर गाडी काय करते, यावर तिची निवड करू नका. पहिल्या पाव पिळात ती कशी वागते ते बघा. रोजचं बहुतेक सगळं चालवणं त्या पाव पिळातच होतं: ट्रॅफिक, वळणं, खराब रस्ता, पाऊस, पार्किंग. उरलेला पाऊण भाग कधीमधी लागतो, आणि तो या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीत गरजेपेक्षा जास्तच आहे.

पायरी १: आत्ताच्या गाडीवर स्वतःची परीक्षा घ्या

शोरूमला जाण्याआधी एखादं मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग गाठा आणि या चार गोष्टी करून बघा.

- हँडल लॉकपर्यंत वळवून, पाय न टेकता, दोन्ही बाजूंना यू-टर्न.
- ६० च्या वेगावरून, चाक लॉक न होऊ देता, शक्य तितक्या कमी अंतरात थांबणं.
- चढावर उभी गाडी मागे न घसरू देता पुढे काढणं.
- वळणात शिरण्याआधीच वेग आणि गिअर ठरवून, आत ब्रेकला हात न लावता बाहेर पडणं.

उजवीकडचा यू-टर्न बहुतेकांना जड जातो. त्यात हँडलचा उजवा भाग पोटाजवळ येतो, मनगट दुमडतं आणि ॲक्सिलरेटर नकळत कमी-जास्त होतो. हलक्या गाडीवर हे पाय टेकवून निभावून नेता येतं. दोनशे किलोची गाडी त्याच क्षणी एका बाजूला कलली, तर पाय टेकवूनही ती थांबत नाही.

यातली एखादी गोष्ट जमत नसेल तर सराव आत्ताच्याच गाडीवर करा. हलक्या गाडीवर शिकलेलं मोठ्या गाडीवर जसंच्या तसं कामाला येतं. उलट दिशेने हे सहसा होत नाही, कारण मोठ्या गाडीवर माणूस घाबरून सराव टाळत राहतो.

ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात थांबायचं अंतर वाढतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावलाय असं धरून हिशेब केला, तर ६० वरून थांबायला साधारण २० मीटर लागतात, ८० वरून ३५ आणि १०० वरून ५५. शिवाय धोका दिसल्यापासून बोट लिव्हर दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे १७, २२ आणि २८ मीटर मिळवा. म्हणजे १०० वरचा माणूस ऐंशीहून जास्त मीटरनंतर थांबतो. मोठी गाडी १०० ला इतकी शांत असते की हा वेग ६० सारखा वाटतो, आणि नवा चालक नेमका इथे गंडतो.

पायरी २: गाडी कशासाठी हवी ते एका वाक्यात लिहा

खरंच कागदावर लिहा. ‘रोज ऑफिस, महिन्यातून एकदा लांबची राइड, बहुतेक वेळा मागे बायको’ असं काहीतरी. ‘सगळंच करायचंय’ असं लिहिलंत तर रोज काय करणार ते वर आणि वर्षातून एकदा काय करणार ते खाली लिहा. वर्षातून एकदाच्या डोंगरवाटेसाठी ८५५ मिलिमीटर उंच सीटची ॲडव्हेंचर गाडी घेऊन रोज सिग्नलला एका पायाच्या चवड्यावर उभे राहणारे लोक मी बरेच पाहिलेत.

पायरी ३: आकडे वाचायला शिका

एक उपयोगी मापदंड युरोपातून घेता येतो. तिथे कमी वयाच्या नव्या चालकांना थेट मोठी गाडी देत नाहीत, मध्ये ए-टू नावाचा परवाना असतो. त्याची मर्यादा आहे ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर, आणि दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅट. होंडाची ४७१ सीसीची ‘सीबी५००’ मालिका आणि रॉयल एनफिल्डची ६४८ सीसीची इंटरसेप्टर या दोन्ही गाड्या ४७ च्या आसपास येऊन थांबतात, तो योगायोग नाही. तुमच्याकडे असा परवाना नसेल तरी पहिल्या उडीसाठी ४० ते ५० हॉर्सपॉवर हा पट्टा डोक्यात ठेवा.

आता सीसी कसा फसवतो ते बघा. यामाहाची आर६ ५९९ सीसीची आणि इंटरसेप्टर ६४८ सीसीची. कागदावर इंटरसेप्टर मोठी. पण आर६ चार सिलिंडरची, पॉवर ११५ ते १२० हॉर्सपॉवर आणि तीही १४ हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे. इंटरसेप्टर ४७ ला थांबते, पण तिचा जोर अडीच हजारांपासूनच हाताला लागतो. नव्या माणसाच्या हातात आर६ दिली तर खालच्या आरपीएमला ती बरीच गरीब वाटते. मग सुई वर चढते आणि मागून ढकलल्यासारखी ती सुटते. ‘६०० सीसी म्हणजे मधली गाडी’ असं समजून अशा सुपरस्पोर्टकडे वळू नका. त्या ट्रॅकसाठी बनलेल्या गाड्या आहेत, पुढे फक्त हेडलाइट लावलेला आहे.

हॉर्सपॉवरइतकाच टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा बघा, आणि तो किती आरपीएमला मिळतो हे त्याहून जास्त बघा. इंटरसेप्टरला ५२ न्यूटन-मीटर सव्वापाच हजारांच्या आसपास मिळतात, सीबी५०० ला ४३ साडेसहा हजारांना. दोघींची पॉवर जवळपास सारखी, पण पहिली गिअर न पाडता चढते आणि दुसरी थोडी फिरवून घ्यावी लागते. दुसरी वजनाने हलकी आहे, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये हिशेब परत बरोबरीला येतो.

*सिलिंडर किती आणि कसे?*

सिंगल सिलिंडर: केटीएमची ३९० ड्यूक, ट्रायम्फची स्पीड ४००, रॉयल एनफिल्डची ४५२ सीसीची हिमालयन. हलक्या, चपळ, सर्व्हिसिंगला सोप्या. तोटा असा, की वरच्या गिअरमध्ये आरपीएम खाली गेला की इंजिन गचके द्यायला लागतं आणि दर वेळी गिअर पाडावा लागतो. सतत शंभरच्या पुढे चालवायचं असेल तर कंपन जाणवतं. दीडशे सीसीवरून येणाऱ्याला मात्र सिंगल ओळखीचं वाटतं, आणि ते लहानसहान कारण नाही.

पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर: या पट्ट्यातला सगळ्यात समजूतदार प्रकार, माझ्या मते. त्यातही दोन स्वभाव आहेत. इंटरसेप्टर आणि यामाहाची एमटी-०७ यांचा क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा) २७० अंशांचा. एका स्फोटानंतर दुसरा २७० अंशांवर आणि मग पुढचा ४५० अंशांवर, त्यामुळे आवाज भरदार येतो आणि खालच्या आरपीएमला मागच्या चाकाची पकड हाताला नीट कळते. होंडाच्या सीबी५०० चा आणि कावासाकीच्या ३९९ सीसीच्या निंजा ४०० चा क्रँक १८० अंशांचा. ही इंजिनं गुळगुळीत, वर फिरायला उत्सुक. सुझुकीची एसव्ही६५० मात्र व्ही-ट्विन आहे, म्हणजे तिचे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही आकारात बसवलेले. १९९९ पासून ती रस्त्यावर आहे आणि अनेक ठिकाणी सेकंडहँडमध्ये मिळते. तिची ताकद पहिल्या उडीसाठी थोडी जास्त आहे, पण जोर सरळ रेषेत वाढतो, मध्येच दगा देत नाही.

एमटी-०७ बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण प्रत्येक नवा चालक तिच्यावर भाळतो. ६८९ सीसी, ७३ च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन साधारण १८४ किलो. गाडी उत्तम आहे. पण पहिल्या पाव पिळातच ती भरपूर जोर देते, दुसऱ्या गिअरमध्ये पुढचं चाक उचलायलाही ती मागेपुढे बघत नाही. हात स्थिर असेल तर ठीक. नाहीतर तिची ३५ किलोवॅटवर मर्यादित केलेली आवृत्ती मिळते का बघा, किंवा वर्षभर थांबा.

चार सिलिंडरच्या सगळ्याच गाड्या आर६ सारख्या नसतात. होंडाची ६४९ सीसीची सीबी६५०आर ९४-९५ हॉर्सपॉवरची असूनही बरीच सभ्य आहे. तरी पहिल्या उडीसाठी ती मी सुचवणार नाही. तिची मजा ज्या आरपीएमला येते तिथे वेग आधीच खूप झालेला असतो.

पायरी ४: पाय, कंबर आणि वजन

सीटच्या उंचीचा आकडा एकटा बघू नका. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. ही तुमच्या पायाची आतली उंची, आणि ती बूट घालूनच मोजायची. हा आकडा सीटच्या उंचीपेक्षा थोडा कमी असला तरी चालतं, कारण तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन दबतं. पण सीट रुंद असेल तर पाय बाहेर फाकतात आणि तेवढी उंची वाया जाते. इंटरसेप्टरची सीट ८०४ मिलिमीटर आणि एमटी-०७ ची ८०५. आकडा जवळपास तोच, तरी टेकलेला पाय वेगळा लागतो, कारण एकीची सीट सपाट-रुंद आणि दुसरीची पुढे निमुळती. उंची कमी असलेल्यांनी निंजा ४०० (७८५) आणि क्रूझर प्रकारातल्या गाड्या नक्की बसून बघाव्यात. होंडाच्या रिबेल ५०० ची सीट ६९० मिलिमीटर आहे आणि इंजिन तेच सीबी५०० घराण्यातलं, फक्त खालच्या आरपीएमला जोर देईल असं लावलेलं.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. दोन्ही चवडे भक्कम टेकले, किंवा एक पाऊल पूर्ण टेकलं, की पुरतं.

इथला सापळा: ‘मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली करून देतो’ असं कुणी म्हणालं तर दोनदा विचार करा. फक्त मागची बाजू खाली केली तर पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, गाडी वळायला आळशी होते, साइड स्टॅण्ड लांब पडून गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेसुद्धा पडते. आधी सीटचा फोम कमी करून किंवा कंपनीची कमी उंचीची सीट लावून बघा.

वजनाचा आकडा नेहमी पेट्रोल, ऑइल, बॅटरी धरून असलेलाच विचारा. काही ठिकाणी कोरडं वजन छापतात आणि टाकी भरल्यावर त्यात पंधरा-वीस किलो वाढतात. शिवाय वजन कुठे आहे तेही महत्त्वाचं. उंच टाकीत वीस लिटर पेट्रोल असलेली गाडी आणि खाली बसणारं इंजिन असलेली तितक्याच किलोची गाडी, या दोन्ही पार्किंगमध्ये ढकलताना एकसारख्या लागत नाहीत. म्हणून इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, स्वतः गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहून ती मागे-पुढे ढकलून बघा. थोड्या चढावरून मागे घ्या. इथे घाम फुटला तर रोज फुटणार आहे.

आणि पडलेली गाडी उचलायची पद्धत आधीच शिकून घ्या. इंजिन बंद करा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टॅण्ड बाहेर काढा आणि गिअर टाका, म्हणजे ती पलीकडे कलंडणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, एका हाताने खालचं हँडल आणि दुसऱ्याने मागची भक्कम दांडी धरा, आणि पायांनी छोटी पावलं टाकत मागे ढकला. पाठीतून उचलू नका.

पायरी ५: इलेक्ट्रॉनिक्समधलं काय हवं

दोन्ही चाकांना एबीएस हवंच. त्याच्याशिवायची सेकंडहँड गाडी स्वस्त मिळाली तरी पहिल्या उडीला नको. स्लिपर क्लच असेल तर उत्तम: घाईत दोन गिअर पाडले तरी मागचं चाक उड्या मारत नाही आणि क्लच लिव्हरही सहसा हलका लागतो. मागचं चाक जागीच घसरून फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर बरं, पण ४५ हॉर्सपॉवरच्या गाडीत त्याच्यावाचून अडत नाही. गाडी झुकलेली असताना काम करणारं कॉर्नरिंग एबीएस मिळत असेल तर क्विकशिफ्टरवर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) खर्च करण्याऐवजी ते घ्या. रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ वगैरे बघून निर्णय घेऊ नका.

पायरी ६: टेस्ट राइड, आणि ती नीट

शोरूमवाले सहसा सरळ रिकाम्या रस्त्यावर दोन किलोमीटर पाठवतात. तिथे प्रत्येक गाडी आवडते. तुम्ही ट्रॅफिकचा, खड्ड्यांचा आणि यू-टर्नचा रस्ता मागा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, घाई तुम्हाला नाही.

क्रम असा ठेवा.

आधी उभ्या गाडीवर बसा आणि दहा मिनिटं बसून राहा. मनगटावर भार येतो का, गुडघे टाकीच्या खोबणीत बसतात का, बूट घातलेला पाय गिअर लिव्हरखाली सहज शिरतो का, बघा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरपर्यंत दोन बोटं पोचतात का? नसतील तर लिव्हरचं अंतर बदलता येतं का, ते विचारा.

मग ॲक्सिलरेटर न देता, फक्त क्लच सोडत गाडी चालवा. क्लच कुठे पकडतो ते हाताला दोन-तीन वेळात कळलं पाहिजे. लिव्हर अगदी शेवटच्या टोकाला पकडत असेल तर आधी तो ॲडजस्ट करून मागा.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. दुसऱ्या गिअरमध्ये, २०-२५ च्या वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करा आणि मग अगदी बारीक उघडा. परत बंद, परत उघडा. चांगली गाडी इथे हळूच पुढे सरकते. काही गाड्या मात्र बिघडलेल्या नळासारख्या वागतात: आधी थेंबही नाही, मग एकदम धार. डोकं पुढे-मागे होतं, चेन ताणल्याचा आवाज येतो. ही सवय सरळ रस्त्यावर फक्त वैताग देते, पण ओल्या वळणाच्या मध्यात तिने चाक घसरू शकतं. हाच प्रयोग पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये करा. राइड मोड असतील तर प्रत्येक मोडमध्ये करा, कारण अनेकदा स्पोर्ट मोडमध्ये धक्का बसतो आणि रेन मोडमध्ये तीच गाडी शहाणी होते. धक्का सगळ्याच मोडमध्ये बसत असेल तर एकदा चेन सैल आहे का तेही बघून घ्या. दोष इंजिनाचा नसून चेनचा असू शकतो.

मग चौथ्या गिअरमध्ये ५० वर गाडी नेऊन गिअर न बदलता हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. ती न कुरकुरता उचलते का?

मोकळा रस्ता मिळाला की मागे कुणी नाही याची खात्री करून दोनदा जोरात ब्रेक लावा. पुढची बाजू किती दबते, लिव्हर मऊ आहे की कडक, एबीएस लागल्यावर लिव्हरला कशी थरथर येते, हे तुम्हाला आज, इथे माहीत व्हायला हवं.

परतताना ९०-१०० च्या वेगात आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते की नुसता धूसर ठिपका, बघा. आणि सिग्नलला थांबल्यावर इंजिनाची उष्णता मांडीला कुठे लागते ते लक्षात घ्या. हिवाळ्यात टेस्ट राइड घेत असाल तर जी ऊब छान वाटते, तीच उन्हाळ्यात नको होते.

एका दिवशी दोनापेक्षा जास्त गाड्या चालवू नका. तिसरीपर्यंत पहिलीचं काहीच आठवत नाही.

पायरी ७: सेकंडहँड घेताना

पहिल्या मोठ्या गाडीसाठी दोन-तीन वर्षं जुनी गाडी हा चांगला मार्ग आहे. पार्किंगमध्ये एकदा तरी ती आडवी होणारच, तेव्हा आधीच्या ओरखड्यांशेजारी आपलाही खपून जातो. पण बघायला जाताना दिवसाउजेडी जा, आणि ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं आधी सांगून ठेवा. गेल्या गेल्या इंजिनाच्या केसला हात लावा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, टॅपेटसारखी टकटक गरम झाल्यावर कमी होते की वाढते, हे थंड गाडीवरच कळतं.

सोबत न्यायचं सामान:

- छोटा टॉर्च आणि स्वच्छ फडकं
- मल्टिमीटर
- टायरची खोली मोजायचा गेज
- स्वतःचं हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज
- शक्य असेल तर ओळखीचा मेकॅनिक

काय बघायचं:

- हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं. तिन्ही एकाच बाजूला घासलेली असतील तर गाडी पडली आहे. एवढ्याने नाही म्हणू नका, फक्त कुठे आणि कशी ते विचारा.
- हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टॉप बघा. तिथे खोल ठेच किंवा चेपलेला धातू असेल तर पुढून जोराची धडक झाली असण्याची शक्यता आहे. हे मात्र सोडू नका.
- पुढचं चाक वर उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगची बेअरिंग गेली.
- फोर्कच्या नळ्यांवरून फडकं फिरवा. तेलाची रिंग उमटली तर सील गळतंय.
- मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेनसेट लगेच बदलावा लागणार. चाक फिरवत चेन तीन-चार ठिकाणी दाबून बघा, एका ठिकाणी घट्ट आणि दुसरीकडे सैल असेल तरीही तेच.
- टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही.
- मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये. त्याहून कमी-जास्त असेल तर चार्जिंगचं काहीतरी बिघडलंय.
- ऑइल काढायच्या नटाला किंवा ब्रेकच्या बोल्टना बारीक आरपार भोक पाडलेलं दिसलं तर तिथे कधीतरी सेफ्टी वायर बांधलेली होती, म्हणजे गाडी ट्रॅकवर गेलेली आहे. मालक ‘फक्त रविवारी चालवायचो’ म्हणत असेल तर हसून निघून या.

कागदपत्रं: मूळ नोंदणीपत्र, चालू विमा, सर्व्हिस बुक किंवा बिलं, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं वित्त कंपनीचं पत्र, दोन्ही चाव्या आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र. फ्रेम आणि इंजिनवरचे नंबर स्वतः टॉर्च लावून नोंदणीपत्राशी ताडून बघा, एकेक आकडा. दुसरी चावी ‘घरी आहे, नंतर देतो’ असेल तर पैसेही नंतरच द्या. नव्या गाड्यांना इमोबिलायझर असतो आणि चावी नव्याने करून घेणं महागात पडतं.

सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर अनेक ठिकाणी दंड होतो, आणि इंजिनाची मॅपिंग (पेट्रोल किती सोडायचं याची इलेक्ट्रॉनिक मांडणी) न बदलता नुसता सायलेन्सर बसवला असेल तर तोच पहिल्या पाव पिळातला धक्का पुन्हा आला म्हणून समजा.

पायरी ८: गाडी घेतल्यानंतरचा खर्च आधी विचारा

हप्ता सगळे मोजतात, टायर कुणी मोजत नाही. मागचा टायर जितका रुंद तितका महाग, आणि रस्त्यावरच्या मऊ रबराचा असेल तर लवकर झिजतो. इंटरसेप्टरला मागे १३० रुंदीचा टायर आहे, ३९० ड्यूकला १५०, सीबी५००एफला १६०, एमटी-०७ ला १८०. रुंद टायर दिसायला छान, पण ४५ हॉर्सपॉवरला त्याची गरज नसते.

सर्व्हिस सेंटरला हे प्रश्न विचारा: व्हॉल्व्हचं अंतर किती किलोमीटरला तपासावं लागतं आणि त्याची मजुरी किती? क्लचप्लेट, ब्रेकपॅड, लिव्हर, इंडिकेटर स्टॉकमध्ये असतात की मागवावे लागतात? मागवले तर किती दिवस? इंटरसेप्टरला स्क्रू-लॉकनटचे टॅपेट असल्यामुळे ते काम साधं आहे. अनेक जपानी गाड्यांत शिम (अंतर जुळवणाऱ्या छोट्या चकत्या) बदलावे लागतात, पण तिथे तपासणी बरीच उशिरा येते. गाडी कितीही चांगली असो, लिव्हर तुटल्यावर दीड महिना उभी राहणार असेल तर रोजच्या कामाला ती उपयोगाची नाही.

आणि गाडीच्या बजेटमधून रायडिंग गिअरचे, म्हणजे अंगावर घालायच्या संरक्षक सामानाचे, पैसे आधीच बाजूला काढा. हेल्मेट ईसीई २२.०६ या युरोपातल्या मानकाचं, जॅकेटवर ईएन १७०९२ या तिथल्याच मानकाचा शिक्का आणि त्यापुढे ए, डबल ए किंवा ट्रिपल ए अशी श्रेणी. रोजच्यासाठी डबल ए पुरेसं आहे. घोट्याच्या वर जाणारे बूट, बोटांच्या सांध्यांवर संरक्षण असलेले ग्लोव्ह्ज. या सामानासाठी पैसे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या.

पायरी ९: पहिले हजार किलोमीटर

नवीन टायरवर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो. पहिले दीडशे किलोमीटर हळू झुका, आणि पाऊस असेल तर आणखी हळू. नव्या इंजिनाला एकाच आरपीएमवर तासभर धरू नका आणि वरच्या गिअरमध्ये रेटूही नका. मॅन्युअलमध्ये दिलेली रनिंग-इनची मर्यादा पाळा. रेन मोड असेल तर पहिला आठवडा कोरड्यातही तोच ठेवा.

पायरी १ मधल्या चारही परीक्षा नव्या गाडीवर परत द्या, त्याच मैदानात. यू-टर्नला मागचा ब्रेक हलकासा दाबून, क्लच अर्धवट ठेवून फिरवा. गाडी जड असली तरी ती या दोन गोष्टींनी सरळ राहते. मागे कुणाला बसवण्याआधी हे व्हायला हवं.

पहिली सर्व्हिसिंग बहुतेक कंपन्यांची ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते. तेव्हा दोन कामं आवर्जून सांगा. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या (रस्त्यावरच्या गाड्यांना सहसा २५ ते ३५ मिलिमीटर, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त). आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) तुमच्या वजनाला लावून घ्या. कारखान्यातून तो कुणा सरासरी माणसासाठी लावून येतो. मागे कुणी बसणार असेल तर किती खाचा वाढवायच्या ते मेकॅनिककडून हातानेच करून शिका, आणि त्याच वेळी हेडलाइट खाली आणायचा स्क्रू कुठे आहे तेही विचारा. मागे वजन आलं की पुढची बाजू उचलली जाते आणि तुमचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो.